स्वतंत्र डिझायनरांच्या पॅटर्नवरून मुलांचे कपडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवण शिकवताना आणि नंतर फोनवर हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्या बहुतेक जणी आई, मावशी, आजी. अलीकडे दोन-तीन बाबाही. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला की त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वतंत्र डिझायनरचा पॅटर्न म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावी एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या साइजचे कागदी पॅटर्न, म्हणजे कापडावर ठेवून कापायचे कपड्याच्या भागांचे आराखडे, विकायला सुरुवात केली. त्याच्या सुरुवातीच्या पॅटर्नमध्ये लहान मुलग्यांचे कपडेही होते. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं पॅटर्न म्हणजे मोठ्या कंपन्यांची पातळ कागदाची पाकिटं. इंटरनेट आल्यावर एकेकट्या डिझायनरही आपले आराखडे पीडीएफ करून थेट विकू लागल्या. एक-दोन माणसांचं काम, स्वतःची मोजमापं, स्वतः शिवून काढलेले फोटो, पायरीपायरीने सूचना. अमेरिकेतल्या 'ऑलिव्हर + एस' आणि 'मेड बाय रे', कॅनडातली 'ब्रिंडिल अँड ट्विग' ही मुलांच्या कपड्यांतली ओळखीची नावं.

तुम्हाला मिळते ती फाइल. त्यात प्रत्येक भागाचा खऱ्या मापाचा आराखडा असतो आणि शिवण्याचा क्रम असतो. कागद, कापड, कातर तुमचं.

२. मी क्लासमध्ये छातीच्या मापावरून ड्राफ्टिंग, म्हणजे आराखडा काढणं, शिकले आहे. मग पॅटर्न विकत कशाला घ्यायचा?

झबलं, टोपडं, साधा बाबासूट किंवा चुण्यांचा फ्रॉक हवा असेल तर घेऊ नका. आपल्या क्लासचं ड्राफ्टिंग त्याला पुरेसं आहे, आणि ते येतं ही फार मोलाची गोष्ट आहे.

पॅटर्नचे पैसे खरे वसूल होतात ते शिवण्याच्या क्रमात. अस्तर लावलेला बिनबाह्यांचा गळा हातशिलाई न करता आतून कसा पलटवायचा, तिरक्या खिशाची पिशवी शिवणीत कशी बसवायची, मुलाने स्वतः चढवावी अशी पँट पुढे सपाट आणि मागे इलॅस्टिकची कशी करायची, हे वहीतल्या आराखड्यात नसतं. शिवाय चांगला पॅटर्न विकायला येण्याआधी वेगवेगळ्या साइजच्या खऱ्या मुलांवर शिवून पाहिलेला असतो. ड्राफ्टिंग येणाऱ्या बाईच्या हातात असा पॅटर्न पडला तर ती त्यातून सगळ्यात जास्त मिळवते, कारण कुठे बदल करायचा हे तिला कळतं.

३. पहिला पॅटर्न कोणता घ्यावा?

न ताणणाऱ्या सुती कापडाचा, कमी तुकड्यांचा, काजं आणि चेन नसलेला. 'ऑलिव्हर + एस'चा 'पॉपओव्हर सनड्रेस' मोफत आहे: बिनबाह्यांचा, वरची पट्टी आणि खाली सैल घेर, खांद्यावर उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीच्या गाठी. आपल्या उन्हाळ्याला तो उत्तम. तो जमला की 'मेड बाय रे'चा 'जिरेनियम' करा. वर अस्तराची चोळी, खाली चुण्यांचा किंवा प्लेटचा घेर. त्यातून गळा पलटवणं, चुण्या समान वाटणं, मागची बटणपट्टी असं सगळं एका फ्रॉकमध्ये शिकून होतं.

बाळ कापडी लंगोटात असेल तर त्याच डिझायनरचा 'बिग बट बेबी पँट्स' पाहा. मागे वेगळा तुकडा घालून लंगोटाच्या जाडीला जागा केलेली आहे. बाजारातल्या तयार पँटमध्ये ही जागा सहसा नसते, म्हणून लंगोट घातलेल्या बाळाच्या पोटावर इलॅस्टिकचा वळ उठतो.

होजिअरीचे (ताणणाऱ्या विणलेल्या कापडाचे) टी-शर्ट पहिल्या दिवशी नकोत. का, ते प्रश्न १५ मध्ये.

४. पैसे भरायला गेले की कार्ड नाकारलं जातं. काय करू?

बहुतेक वेळा कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये ते सुरू करा, रकमेची मर्यादा कमी ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. दाखवलेल्या डॉलरच्या किमतीवर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क लागतं, ते धरून हिशेब करा. फाइल आली की लगेच दोन ठिकाणी साठवा. डाउनलोडची लिंक काही दिवसांनी बंद होऊ शकते.

५. प्रिंट काढून शिवलं, पण फ्रॉक सगळीकडूनच लहान झाला. माप तर बरोबर घेतलं होतं.

दहापैकी आठ वेळा चूक प्रिंटची असते. प्रिंट काढताना 'फिट' हा पर्याय निवडलेला असला की यंत्र आराखडा पानात बसवायला तो थोडा आकसवतं. 'अॅक्चुअल साइज' किंवा '१०० टक्के' हाच पर्याय हवा. झेरॉक्सच्या दुकानात फाइल पाठवून देत असाल तर तिथे उभं राहून हे सांगा, कारण दुकानाच्या संगणकावर बहुधा 'फिट'च आधीपासून निवडलेलं असतं.

प्रत्येक पॅटर्नमध्ये एक चाचणी चौकोन असतो, कधी १ इंचाचा, कधी ५ किंवा १० सेंमीचा. आधी फक्त तेवढंच पान काढा आणि पट्टीने मोजा. टेप जुना झाला की ताणलेला असतो. ५ सेंमीचा चौकोन ४.८ भरला तर 'जवळपास बरोबर' म्हणून सोडू नका. ती ४ टक्क्यांची घट आहे. ६० सेंमी घेराच्या चोळीत २.४ सेंमी जातात, म्हणजे जवळजवळ एक साइज.

अमेरिकी फाइल त्यांच्या 'लेटर' कागदाच्या मापाची असू शकते. तो कागद २१६ × २७९ मिमी असतो, आपला ए-४ २१० × २९७. समास बऱ्यापैकी सोडलेले असले तर १०० टक्क्यांवर तो ए-४ वरही नीट येतो. कडेची रेष कापली जात असेल तर डिझायनरने ए-४ साठी वेगळी फाइल दिली आहे का ते पाहा.

६. तीस पानं जोडण्यापेक्षा एकच मोठा कागद मिळत नाही का?

मिळतो. फाइलमध्ये 'ए-०' किंवा 'कॉपी शॉप' असं वेगळं पान असेल तर ते आर्किटेक्टचे नकाशे छापणाऱ्या दुकानात न्या. प्लॉटरवर ८४१ × ११८९ मिमीचा एकच कागद निघतो. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आणि महापालिका कचेऱ्यांच्या आसपास अशी दुकानं हमखास असतात. काळा-पांढराच प्रिंट मागा, रंगीत महाग पडतो. चौकोन इथेही मोजायचाच.

७. एका कागदावर आठ साइजच्या रेषा आहेत. गोंधळ होतो. लहान साइज कापला तर मोठा गेला.

मूळ कागद कापूच नका. त्यावर बटर पेपर ठेवून हवी ती रेष उतरवून घ्या. पुढच्या वर्षी हाच पॅटर्न पुन्हा लागणार आहे. उतरवताना उभ्या धाग्याचा बाण, घडीची खूण, मुंढ्यावरच्या (बाही जोडायच्या वळणावरच्या) खाचा, साइज आणि तारीख लिहायला विसरू नका. नुसता तुकडा सहा महिन्यांनी हातात आला तर तो कशाचा, हे ओळखता येत नाही.

काही फाइलींमध्ये साइजचे थर असतात. संगणकावर नको ते थर बंद करून फक्त तुमच्या साइजची रेष छापता येते. फोनवर बहुधा ही सोय दिसत नाही. पानं जोडायला चिकटपट्टीपेक्षा गोंदाची कांडी बरी. इस्त्री लागली की चिकटपट्टी वितळते.

८. माझी मुलगी पाच वर्षांची आहे, म्हणजे ५ नंबरचा साइज ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त कापड यामुळेच वाया जातं. साइजवरचा आकडा वयाचा वाटतो, पण तो त्या डिझायनरच्या मनातल्या सरासरी मुलाचा आकडा आहे. ते मूल बहुधा अमेरिकेतलं किंवा युरोपातलं असतं.

मुलीचं माप घ्या. छाती काखेखालून पूर्ण घेरात, कंबर बेंबीच्या पातळीवर, नितंब सगळ्यात भरीव जागी, उंची भिंतीला टेकवून. शमीज किंवा बनियनवर घ्या, फ्रॉकवर नको. टेपखाली एक बोट सरकेल इतकाच सैल. मग पॅटर्नच्या तक्त्यात आधी छातीचा आकडा शोधा. वरच्या अंगाच्या कपड्याचा साइज छाती ठरवते, पँटचा नितंब.

युरोपी पॅटर्नमध्ये ९२, ९८, १०४, ११०, ११६ असे आकडे दिसतील. ती मुलाची सेंटिमीटरमधली उंची आहे, दर साइजला ६ सेंमीची पायरी. ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण त्यात वय नसतंच. अमेरिकी '२टी', '३टी' मधला 'टी' म्हणजे दुडदुडणारं, अजून लंगोटातलं मूल.

तक्त्यात दोन प्रकार असतात: अंगाचं माप आणि तयार कपड्याचं माप. दोन्हींतला फरक म्हणजे लूजिंग. तयार कपड्याच्या मापाशी मुलीची छाती जुळवलीत तर कपडा अंगाला चिकटून बसेल आणि हात वर होणार नाही.

९. छाती ३ नंबरची आणि उंची ५ ची निघाली. आता?

आपल्याकडची कितीतरी मुलं अशीच सडसडीत असतात. यात पॅटर्न चुकीचा नाही आणि मूलही. समजा मुलगी १०८ सेंमी उंच, छाती ५५ सेंमी. रुंदी ३ ची आणि लांबी ५ ची घ्यायची.

बटर पेपरवर ३ ची रेष उतरवा: गळा, खांदा, मुंढा, बाजू. मग चोळीवर 'इथे लांबी वाढवा' अशी आडवी रेष असते, तिथे कागद कापा आणि ३ व ५ च्या चोळीच्या लांबीत जितका फरक असेल तितका सरकवून मध्ये पट्टी चिकटवा. घेराची लांबी सरळ ५ ची. सगळी वाढ खालच्या टोकाला देऊ नका. तसं केलं तर कंबर बरगड्यांवर चढते आणि फ्रॉक धाकट्या बहिणीचा घातल्यासारखा दिसतो.

दोन साइजपेक्षा जास्त फरक असेल तर मुंढ्याची खोलीही पाहावी लागते. उंच मुलीला ३ चा मुंढा काखेत काचू शकतो. तो अर्धा सेंटिमीटर खाली उतरवा आणि बाही असेल तर बाहीच्या टोपीलाही (वरच्या गोलाकार भागाला) तितकाच बदल द्या, नाहीतर बाही बसणार नाही.

दोन-तीन वर्षांच्या मुलांचं उलट असतं: पोट पुढे, छाती लहान. त्यांना मुंढा छातीच्या साइजचा, आणि काखेपासून कमरेपर्यंत हळूहळू तिरकी रेष काढत मोठ्या साइजला जा.

पहिल्यांदा करताना जुन्या चादरीची नुसती चोळी शिवून अंगावर घालून पाहा. बटणं नकोत, अस्तर नको, मागे टाचण्यांऐवजी चिकटपट्टी लावा. वीस मिनिटांचं काम आहे. चांगलं कापड कातरण्याआधीची ही वीस मिनिटं मी कुणालाच वाचवू देत नाही.

१०. वाढत्या अंगाचं शिवायचं आहे. एक साइज मोठाच घेऊ का?

झबलं आणि पायजमा असेल तर घ्या. फ्रॉक, शर्ट, बाह्यांचा कुठलाही कपडा असेल तर नको, कारण खांदे उतरतात, गळा पसरतो आणि मूल तो घालायला कंटाळतं. मोठा होईपर्यंत कपाटात राहिलेला कपडा बसायला लागतो तेव्हा त्याची हौस गेलेली असते.

वाढ ठेवायची ती लांबीत. मुलं या वयात वर्षाला साधारण ५ ते ७ सेंमी उंच होतात, रुंदी त्या मानाने सावकाश वाढते. खाली तीन इंचांचा दाब (आत दुमडलेली पट्टी) ठेवा. घेराच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशी एक आडवी चुणी मोठ्या टाक्यांनी घालून ठेवा, पुढच्या दिवाळीला उसवायची. खांद्याच्या पट्ट्यांना दोन काजं करा. पँटच्या नेफ्यातलं इलॅस्टिक चार बोटं जास्त घालून आतच दुमडून ठेवा. आपल्या आज्यांनी परकरांना हेच केलं.

११. माया धरलेली आहे की नाही, कसं ओळखायचं?

माया म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड. सूचनांच्या पहिल्या दोन पानांत शोधा, अंदाज करू नका. अमेरिकी स्वतंत्र डिझायनर बहुधा माया धरून आराखडा देतात. जपानी शिवणपुस्तकांत आणि 'ओटोब्रे' या फिनलंडच्या मासिकात ती नसते; रेष ही थेट शिवणीची रेष असते आणि माया आपण सोडायची. ती सोडायची राहिली आणि १ सेंमी आत टीप घातली तर पुढच्या-मागच्या मिळून चार कडांना ४ सेंमी गेले. कपडा कुठल्याच मुलाला होणार नाही.

किती माया, हेही प्रत्येकीचं वेगळं. आपल्या सुताच्या हिशेबात सोपं पडतं: १/४ इंच म्हणजे दोन सूत, ३/८ म्हणजे तीन सूत, १/२ म्हणजे चार. सवयीने अर्धा इंच घेतलात आणि पॅटर्नला तीन सूत हवं होतं, तर चार कडांना एकेक सूत मिळून अर्धा इंच छाती कमी. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून मोजून रंगीत चिकटपट्टीची रेघ लावून ठेवा.

तीन सुताची माया आपल्या पद्धतीला तोकडी वाटते, कारण आपण उसवून वाढवायला माया ठेवतो. बाजूच्या शिवणींना हवी तर जास्त ठेवा. गळ्याला आणि मुंढ्याला मात्र पॅटर्नमध्ये आहे तेवढीच, नाहीतर वळणावर कापड गोळा होतं.

१२. पॅटर्नमध्ये दीड यार्ड लिहिलंय. दुकानात किती मीटर मागू?

आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. दीड यार्ड हे ४४-४५ इंची पन्ह्यासाठी लिहिलेलं असेल आणि तुमचं कापड ३६ इंची असेल, तर दीड गुणिले ४५ भागिले ३६, म्हणजे पावणेदोन यार्डांच्या थोडं वर, सुमारे १.७ मीटर. आवळण्यासाठी धरून दोन मीटर घ्या.

हा हिशेब फसतो तो एकाच जागी. ३६ इंची कापड उभं दुमडलं की घडीची रुंदी १८ इंच. त्याहून रुंद तुकडा घडीवर कापायचा असेल तर कितीही मीटर घेतलं तरी तो बसणार नाही. घेराला मध्ये जोड द्यावा लागेल. म्हणून दुकानात जाताना सगळ्यात रुंद तुकड्याचं माप चिठ्ठीवर न्या.

१३. 'क्विल्टिंग कॉटन', 'चेंब्रे', 'डबल गॉझ' लिहितात. आपल्याकडे काय घ्यायचं?

क्विल्टिंग कॉटनच्या जागी जरा जाडसर केंब्रिक किंवा पॉपलीन. चेंब्रेच्या जागी हातमागाचं एकरंगी सुती. डबल गॉझसाठी मलमलचे दोन थर एकत्र धरून शिवा, बाळांच्या कपड्यांना ते छान होतं. पुण्यात लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ, मुंबईत मंगलदास मार्केट. इचलकरंजीचं पॉपलीन तर सगळीकडे मिळतं. नावापेक्षा कापड मुठीत आवळून पाहा. कडक उभं राहतं की खाली पडतं, हे पॅटर्नच्या फोटोशी जुळलं पाहिजे.

कातरण्याआधी पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. हातमाग आणि मलमल तर दोनदा. नीळ, अजरख, गडद लाल असेल तर पांढऱ्या चिंधीबरोबर धुऊन रंग जातो का पाहा, विशेषतः त्याला पांढरं अस्तर लावणार असाल तेव्हा.

१४. फ्रॉक अंगाला बरोबर आहे, पण डोकं जात नाही.

मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४५-४६ सेंमी, पाच वर्षांच्या मुलाचा ५० च्या आसपास. म्हणून लहान साइज निवडलेल्या सडसडीत मुलांना (प्रश्न ९) हा त्रास हमखास होतो: छाती ३ ची, डोकं मात्र पाच वर्षांचं.

कापण्याआधी तपासा. पुढचा आणि मागचा अर्धा गळा शिवणीच्या रेषेवर टेप उभा धरून मोजा, बेरजेची दुप्पट करा. उत्तर डोक्याच्या घेरापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर तरी जास्त हवं. नसेल तर गळा मोठा करू नका, खांद्यावरून घसरेल. मागे मध्यावर चीर देऊन एक लूप-बटण लावा.

१५. माझी साधी काळी पायडलची मशीन आहे. टी-शर्ट शिवता येईल का?

येईल, पण सुई बदलावी लागेल. होजिअरीला गोल टोकाची सुई हवी. साधी सुई धागे तोडते आणि दोन धुण्यांत शिवणीशेजारी बारीक भोकं दिसू लागतात. सुई घेताना मशीनचा प्रकार सांगा, घरगुती आणि कारखान्याच्या मशीनच्या सुया वेगळ्या असतात. पॉलिएस्टर रीळ वापरा आणि टीप घालताना कापड हातांनी किंचित ताणून धरा म्हणजे शिवण अंगात घालताना तुटत नाही. कडा पिको-फॉलच्या दुकानातून इंटरलॉक करून आणा.

कापड निवडताना १० सेंमीची खूण करून आडवं ताणा. १३ सेंमीपर्यंत सहज गेलं आणि सोडल्यावर परत आलं तर ३० टक्के ताण. पॅटर्नमध्ये किती ताण हवा ते लिहिलेलं असतं. त्यापेक्षा कमी ताणाचं कापड घेतलं तर साइज बरोबर असूनही कपडा चढणार नाही. गळ्याच्या पट्टीला रिब वेगळी घ्या.

होजिअरीचा पॅटर्न साध्या सुती कापडात शिवता येत नाही, एक साइज मोठा घेऊनही नाही. त्यात लूजिंगच धरलेली नसते.

१६. आजीच्या साडीचा किंवा खणाचा फ्रॉक या पॅटर्नवरून करता येईल का? काठ खाली यायला हवा.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा विस्ताराने.

पहिलं बघायचं ते घेराचं खालचं टोक. काठ सरळ असतो. म्हणून घेर आयताकृती तुकड्याचा, वर चुण्या घातलेला असेल तरच काठ खाली येईल. ए-लाइन किंवा अर्धगोल घेराची खालची कड वळलेली असते, तिथे काठ बसवायला गेलात तर तो कापून पुन्हा शिवावा लागेल आणि ठिकठिकाणी दुमडेल. पॅटर्नचा घेर वळणाचा असेल तर तो बाजूला ठेवा, फक्त चोळी पॅटर्नची घ्या आणि घेर आपला परकराचा.

दुसरं, काठ साडीच्या लांबीत धावतो. तो खाली आणायचा म्हणजे घेराचा तुकडा आडवा कापावा लागतो, आणि बाणाने दाखवलेला उभा धागा आडवा होतो. चुण्यांच्या घेरात याने काही बिघडत नाही. चोळीला मात्र उभा धागा उभाच ठेवा. खालचा दाब इथे घालता येत नाही, कारण काठाची किनार हेच टोक. म्हणून वाढीसाठी ठेवायची ती आतली चुणी (प्रश्न १०) काठाच्या वर घ्या.

तिसरं, जुन्या साडीचा जीव पाहा. उजेडासमोर धरली की जिथे वर्षानुवर्षं घडी पडली तिथे विरळ रेषा दिसतात. त्या जागा टाळून तुकडे मांडा. रेशीम कड्कन वाजत फाटत असेल तर त्याचा कपडा करू नका. ती आठवण दुसऱ्या रूपात ठेवा. पातळ पण धड सुती साडीला आतून मलमल जोडून दोन्ही एकच कापड समजून शिवा.

खणाचा पन्हा लहान असतो, प्रश्न १२ मधला हिशेब इथे हमखास लागतो. खणातली जर मुलीच्या मानेला आणि काखेला टोचते, त्यामुळे चोळीला पूर्ण सुती अस्तर हवंच, नुसती गळापट्टी पुरत नाही. खणाचे धागे कडेने सुटतात, कापल्या कापल्या इंटरलॉक करा.

१७. आतल्या शिवणी टोचतात अशी मुलाची तक्रार आहे.

पातळ कापडाला फ्रेंच शिवण घाला: आधी उलट बाजू एकमेकींना लावून बारीक टीप, मग पलटून दुसरी. तीन सुताच्या मायेत ती बसते, दोन सुतात बसत नाही. मुंढ्याला उरेब पट्टी. मानेमागे लेबल शिवू नका, बाजूच्या शिवणीत खाली लावा.

१८. नाड्या, बटणं, झोपायचे कपडे: सुरक्षिततेचं काय पाहायचं?

कपड्याला जोडलेल्या टोपीच्या आणि गळ्याच्या नाडीला माझा स्पष्ट नकार आहे, पॅटर्नमध्ये दाखवली असली तरी. घसरगुंडीत, पाळण्यात, बसच्या दारात ती अडकते. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना टोपीला आणि मानेजवळ अशा नाड्या चालत नाहीत. तिथे इलॅस्टिक किंवा टिचबटण घाला. कमरेची नाडी दोन्ही बाजूंनी निसटू नये म्हणून मागे मध्यावर नेफ्यातच टीप मारून पक्की करा. खांद्यावरच्या गाठींची टोकं आखूड ठेवा.

तीन वर्षांखालच्या मुलांना बटणं शक्यतो मागे, आणि प्रत्येक बटणाखाली कापडाचा दुसरा थर.

अमेरिकेत नऊ महिन्यांपासून १४ नंबरच्या साइजपर्यंत विकायचे रात्रीचे कपडे एकतर ज्वालारोधक कापडाचे किंवा अंगाला घट्ट असावे लागतात. तिकडच्या पायजम्याचे पॅटर्न इतके चिंचोळे का, याचं कारण हे. साइज वाढवून सैल करण्याआधी हे लक्षात असू द्या. आणि दिवाळीत फुलबाज्या उडवायच्या कपड्याला नायलॉनची जाळी, ओघळते पदर नकोत. जाडसर सुतीच बरं.

१९. मैत्रिणीने फाइल मागितली तर देऊ का? शिवलेले कपडे विकता येतील?

फाइल देऊ नका. आराखडा आणि सूचना यांना आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचंही संरक्षण आहे. पण माझ्या मनात कायद्याआधी ती बाई येते, जिने महिनोन्‌महिने खपून आठ साइज बसवले. ग्रुपवर एकदा टाकलेली फाइल शंभर जणींकडे जाते. मैत्रिणीला मोफत पॅटर्नचा पत्ता द्या, किंवा तिला घरी बोलावून तुमच्या कागदावरून सोबत शिवा.

शिवलेले कपडे विकण्याबद्दल प्रत्येकीची अट वेगळी. बऱ्याच जणी घरगुती प्रमाणात विकू देतात आणि पॅटर्नचं नाव द्यायला सांगतात. काही वेगळा परवाना विकतात. काही नाहीच म्हणतात. सूचनांच्या शेवटी लिहिलेलं असतं. सापडलं नाही तर सरळ ईमेल करा, बहुतेक वेळा उत्तर स्वतः डिझायनरच लिहिते.

२०. मला शिवता येत नाही. आमच्या शिंपीदादांना पॅटर्न देऊन शिवून घेऊ का?

जरूर. फक्त फोनवर फोटो दाखवून सोडू नका. बटर पेपरचे तुकडे कापून, त्यांवर मराठीत 'पुढचा भाग', 'घडीवर', 'माया धरली आहे, ३ सूत' असं लिहून द्या. दादांच्या हाताला सवयच असते कागदाबाहेर माया सोडायची. न सांगता दिलं तर कपडा मोठा होतो, आणि मग पॅटर्न खोटा ठरतो. त्यांना एखादी जोडणी वेगळी करावीशी वाटली तर ऐकून घ्या. गळ्याची उरेब पट्टी कुठे ताणायची हे ते कुठल्याही सूचनेपेक्षा चांगलं जाणतात.

२१. डिझायनर टेस्टर शोधत आहे. भाग घेऊ का?

टेस्टर म्हणजे पॅटर्न विकायला येण्याआधी तो शिवून पाहणारी. शिकायला फार मिळतं. पण वेळ आणि कापड तुमचं, मोबदला बहुधा फक्त पॅटर्न. मुदत आठ-दहा दिवसांची असू शकते. मुलाचे फोटो जाहिरातीत वापरणार का, हे आधी विचारा. चेहरा न दाखवता फोटो चालेल का, असं विचारायला संकोच करू नका. आपल्याकडच्या सडसडीत मुलांची मापं त्यांच्यापर्यंत पोचतात, हा एक चांगला परिणाम.

२२. भाची न्यू जर्सीत आहे. तिला इथून शिवून पाठवायचंय, पण माप कसं घेणार?

व्हिडिओ कॉलवर आईला मुलीची छाती आणि उंची घ्यायला सांगा, पण तेवढ्यावर विसंबू नका. हलणाऱ्या मुलीवर नवख्या हाताने घेतलेलं माप दोन-तीन सेंटिमीटर सहज चुकतं. मुलीला नीट बसणारा एक फ्रॉक टेबलावर सपाट पसरून मोजायला सांगा. काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून खालपर्यंत, आणि गळा. काखेच्या आकड्याची दुप्पट करा आणि पॅटर्नमधल्या तयार कपड्याच्या तक्त्याशी (प्रश्न ८) ताडून पाहा. फ्रॉक न ताणणाऱ्या कापडाचा असला पाहिजे. टी-शर्टचं माप इथे चालत नाही.

पार्सल पोचून ती घालेपर्यंत दोन-तीन महिने जाणार, म्हणून लांबीत दोन सेंटिमीटर जास्त धरा. दिवाळीसाठी पाठवत असाल तर तिथे तेव्हा थंडी सुरू झालेली असते. मुंढा अर्धा सेंटिमीटर खाली घ्या, आतून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालता येईल. आणि मागच्या बटणपट्टीत एकाच मापाच्या बटणांच्या दोन ओळी लावून पाठवा, एक घट्ट, एक सैल.